दारात अडकलेला ब्यूरो

मी ब्यूरो बोलतोय. दारावर ‘विवाह ब्यूरो’ अशी पाटी आहे. ती माझ्या नावावर फुकटची मिरवते. खरा ब्यूरो म्हणजे आत उभा असलेला मी: तपकिरी लोकरी कापड पांघरलेले, खणाखणांचे लिहिण्याचे टेबल.

आमच्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे एक जाडेभरडे लोकरी कापड. घोंगडीचा दूरचा चुलतभाऊच म्हणा. फ्रेंच मंडळींनी ते लिहिण्याच्या टेबलावर अंथरले आणि कापडाचे नाव टेबलाला चिकटले. टेबलाचे खोलीने उचलले, खोलीचे कचेरीने. साता समुद्रांपलीकडे तर कपडे ठेवायच्या खणांच्या कपाटालाही ब्यूरो म्हणतात. कचेऱ्यांतली घोंगडी वर्षानुवर्षे भिजत का पडतात, याचे मूळ आमच्या वंशवृक्षात शोधावे, असा माझा नम्र तर्क आहे.

माझ्या मालकीणबाई म्हणजे मावशी. सुताराने दाराचे माप न घेताच मला घडवले. मी आत मावेना, तेव्हा सांधे उकलून त्याने मला खोलीतच पुन्हा जोडले. सुतार सोडला तर हे गुपित मावशींना आणि मलाच ठाऊक.

लग्ने जुळवण्याची मावशींची रीत अभ्यासण्याजोगी आहे. स्थळे समोरासमोर आली की त्या म्हणत, “बाळांनो, हे टेबल जरा खिडकीपाशी घ्या.” जी जोडी एकमेकांवर खेकसे, तिला चहा देऊन वाटेला लावत. जी “हाताला लागलं का?” असे विचारी, तिच्यासाठी पुढची बोलणी सुरू होत.

मावशींच्या भाच्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. रोज जागा बदलणाऱ्या माझ्यावर त्याची नडगी आपटे. अखेर तो कडाडला, “मावशी, हे धूड आज जाणार! काचेचं टेबल आणतो.”

“ने बापड्या,” मावशी शांतपणे म्हणाल्या.

भाच्याने बोलावलेली, जुन्या फर्निचरच्या दुकानाची तरुण मालकीण आली. मला ठोकून म्हणाली, “लाकूड चांगलंय. कापून दोन स्टुलं होतील.”

कापून! माझे खण कोरडे पडले.

भाच्याने आणि तिने मला उचलले आणि दारात मी पाचरीसारखा बसलो.

“डावीकडे घ्या,” भाचा म्हणाला.

“तुमची डावी की माझी?”

“आपली!”

ती हसली. हसताना तिची पकड सुटली आणि मी भाच्याच्या पायावर उतरलो.

“अगंबाई! लागलं का हो?”

“नाही नाही. तुमच्या हाताला?”

मावशींनी चष्मा पुसला. “टेबल जागेवर ठेवा आणि दोघंही बसा.”

“अहो, पण न्यायचं कसं?” दुकानाच्या मालकिणीने विचारले.

“ते नंतर बघू. आधी सांग, तुझ्या घरी कोण कोण असतं?”

भाच्याचे कान लाल झाले. पाय चोळायचेही तो विसरला.

सध्या मी खिडकीपाशी आहे. काचेच्या टेबलाचे नाव कोणी काढत नाही. दुकानाची मालकीण मला नेण्यासाठी रोज संध्याकाळी येते, दाराचे माप घेते आणि चहा पिऊन जाते. आता ती आपली भाचसून होणारच, असे मावशी म्हणतात. वाचकहो, तुम्हाला एकच विनंती: त्या दोघांना माझ्या सांध्यांचे गुपित सांगू नका. एवढे घोंगडे भिजत राहू द्या.