फडक्यातला हात

“हात तेवढे कापून उघडू नकोस गं. बाकी सगळं तुमच्या पोरांचं. शेवटी दोन्ही हात जोडायचे, मध्ये फुलं द्यायची आणि पांढऱ्या दोऱ्यानं बांधायचे. जन्मभर हातांनीच बोलले मी. वरती स्वर्गातल्या चैत्यापुढे उभी राहीन तेव्हा नमस्काराला हात नकोत का?”

ख्रू बुआखामचा, तिच्या लहानपणच्या नाचाच्या गुरूंचा, हा आवाज पिम्पाच्या कानांवर रोज सकाळी यायचा. ती शरीररचना शिकवायची त्या दालनात त्यांनी दान केलेल्या देहाच्या हातांवरची फडकी ओली करायची, तेव्हा. आज तो भरदुपारी, विद्यापीठाच्या संशोधन मेळ्यात आला आणि पाण्याचा पेला ओठांशी नेता नेता ती थांबली.

समोरच्या टेबलावर एक कृत्रिम हात होता. काळं प्लॅस्टिक, आतून जाणाऱ्या दोऱ्या. अभियांत्रिकीचे प्राध्यापक, आचान थनित, यांनी कळ दाबली तशी त्याची बोटं एकेक करून उघडली आणि मनगटाकडे मागे वळत गेली. देशाच्या या उत्तर भागात नाचणाऱ्या साऱ्याच बायकांची बोटं तशी वळतात. पण यातली अनामिका मध्येच किंचित अडली, आणि मग शरमल्यासारखी हळूच वळली.

लहानपणी नाचाच्या वर्गात पोरी ख्रूंच्या बोटाच्या याच अडण्याची नक्कल करून खिदळायच्या. ख्रू म्हणायच्या, “हसा, हसा. माझं बोट दारात चेंगरलंय. तुमची तर धड आहेत, तरी मेली वळत नाहीत.”

“कसा वाटला, आचान?” थनित खुशीत होते. “पहिल्या हाताला भाताचा घासही धरता येत नव्हता. आता तिकडे बघा.”

मांडवाच्या कोपऱ्यात, डेंग्यूच्या डासांचे पिंजरे आणि कमी पाण्यात येणाऱ्या भाताची रोपं यांच्या मधोमध, एक माणूस बाकावर बसला होता. उसाच्या चरकात त्याचा हात गेलेला. नव्या काळ्या बोटांनी तो चिकट भाताचा गोळा तोडत होता, मिरचीच्या चटणीत बुडवत होता आणि खात होता. भोवतीची माणसं टाळ्या वाजवत होती. तो मात्र कुणाकडे न बघता खात होता, भूक लागलेल्या माणसासारखा.

“हे वळण कुठून आणलंत?” पिम्पाने विचारलं.

“एका नर्तकीचा हात मिळाला. दान केलेल्या देहातला. त्यातली एकेक कंडरा मोजली आम्ही.” मग तिच्या तोंडाकडे पाहून त्यांचा आवाज उतरला. “परवानगीचं सगळं आचान ओरथाईंनी बघितलंय हं. आम्हाला कायद्यातलं काय कळतं? आज त्यांचाही सत्कार आहे, आमच्याबरोबर.”

पेला टेबलावर ठेवून पिम्पा निघाली. आज तिचा शीलाचा दिवस होता. दुपारनंतर अन्न नाही, अंगावर पांढरं, आणि पहाटे म्हटलेली शीलं दिवसभर मनात धरायची. त्यातलं दुसरं वाटेत तिच्या ओठांवर परत परत येत राहिलं. न दिलेलं घेणार नाही. न दिलेलं घेणार नाही.

दालनात कोणी नव्हतं. ज्यांनी देह दिला त्यांना इथली मुलं थोरले गुरू म्हणतात. टेबलावर नावाची पाटी असते, आणि चाकू हातात घेण्याआधी नमस्कार. ख्रू बुआखामच्या टेबलावर मोगऱ्याचे हार होते, कारण उद्या दहन. हात शिकायला मुलं शेजारच्या टेबलावर जायची. या गुरूंचे हात उघडायचे नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा देह आला तेव्हा पिम्पा आईच्या पुण्यकर्मासाठी गावी गेली होती. परतली तेव्हा दोन्ही हात नीट बांधून ठेवलेले होते, आणि कुणीतरी आपला शब्द आपल्या आधी पाळला, याचं तिला केवढं बरं वाटलं होतं.

“क्षमा करा, ख्रू,” असं म्हणून तिने गाठ सोडली.

डावा हात होता. सुरकुतलेला, काळसर पडलेला, पण त्यांचाच.

उजव्या फडक्यात कापूस निघाला. मनगटाच्या जागी बांबूची काडी आणि तिच्यावर मुठीएवढा कापूस, चांगला चेपून हाताच्या आकाराचा केलेला. ओला होता. तिनेच सकाळी घातलेल्या पाण्याने. इतके महिने तिने कापसाला पाणी घातलं होतं, कापसापुढे डोकं टेकलं होतं.

ती तशीच उभी होती. मागे चपला काढल्याचा आवाज झाला.

ओरथाई आली होती. कायदा विभागाची प्रमुख, पिम्पाहून वयाने मोठी, म्हणून पिम्पा तिला थोरल्या बहिणीसारखं ‘पी’ म्हणायची. गळ्यात सत्काराचा हार तसाच होता.

“थनित म्हणाला, तू एकदम निघून गेलीस.” तिची नजर टेबलावर गेली. “उघडलंस.”

“पी, त्यांनी सांगितलं तेव्हा तुम्ही तिथेच होतात. त्यांच्या ओसरीवर, माझ्या शेजारी. कैरी खात होतात.”

“होते ना.”

“मीठ जास्त लावलं म्हणून ख्रू तुम्हाला रागावल्या होत्या.”

“पिम, ऐक. ओसरीवरच्या बोलण्याला कायद्यात काही किंमत नाही. अध्ययनासाठी आणि संशोधनासाठी देह देते, असं त्यांनी स्वतः लिहून दिलंय. संशोधन म्हटलं की त्यात सगळं आलं.”

“मी कायदा विचारत नाहीये.”

ओरथाईने हार काढला. कुठे ठेवावा ते तिला सुचेना. “त्या माणसाला जेवताना पाहिलंस की नाही? सहा वर्षं त्याची बायको त्याला भरवत होती. ख्रूंना विचारलं असतं ना, तर त्या हो म्हणाल्या असत्या. वर मलाच म्हणाल्या असत्या, एवढंच होय, दोन्ही ने.”

“मग विचारलं का नाहीत? दर आठवड्याला त्यांच्याकडे जेवायला जात होतात.”

बाहेर मेळ्यातला कर्णा कुणाचं तरी नाव पुकारत होता. भाताच्या वाणाला बक्षीस मिळालं होतं.

“नाही म्हणाल्या असत्या तर?” ओरथाई म्हणाली.

पिम्पाने ओलं फडकं पिळलं. टोकाला टोक जुळवून त्याची घडी घातली. मग घडी पुन्हा मोडून परत घातली.

“आणि मला?”

“तू तर नाहीच म्हणाली असतीस. म्हणून तर...” ओरथाई अडखळली. “तू फडकं सोडणार नाहीस, एवढं माहीत होतं मला. दुसरी कुणी असती तर मी हे केलं नसतं. तुझ्यावर भरवसा होता म्हणून केलं गं.”

पिम्पाने कापूस उचलला आणि कचऱ्यात न टाकता पाटीच्या मागे ठेवला. इतके नमस्कार घेतलेली वस्तू कुठे टाकायची, ते तिला कळेना.

“उद्या मी येऊ ना दहनाला?”

पिम्पाने डावा हात पुन्हा फडक्यात गुंडाळला.

“पिम.” ओरथाईचा आवाज आता वकिलाचा राहिला नव्हता. “ओसरीवर त्याच दिवशी आपण दोघींनीही देहदान लिहून दिलं होतं. जी मागे राहील तिनं दुसरीचे हात बांधायचे. तू म्हणाली होतीस. ख्रूंच्या समोर.”

पिम्पा दारापर्यंत गेली, चपला पायांत सरकवल्या आणि पायऱ्या उतरली.

मेळा आवरत आला होता. थनित दोऱ्या गुंडाळत होते. तिला पाहताच त्यांनी हात जोडले आणि मान खाली घातली.

“हात परत हवाय,” ती म्हणाली.

“तो तसा राहिलेला नाही, आचान. आम्ही त्याचे... सगळं सुटं आहे.”

“असेल तसा. पण तुम्ही दिलात तरच नेईन.”

थनित आत गेले. बराच वेळ लागला. येताना त्यांनी अंगावरचा प्रयोगशाळेचा डगला काढून ठेवलेला होता, केस पाण्याने नीट बसवले होते. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी त्यांनी दोन्ही हातांवर धरली आणि गुडघे टेकून पुढे केली, विहारात दान देतात तशी.

“सगळं आहे,” ते म्हणाले. “अनामिकासुद्धा. मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं.”

“माहीत आहे.”

विहाराच्या आवारात झाडलोट चालली होती. मुंडण केलेल्या, पांढऱ्या वस्त्रांतल्या म्हाताऱ्या साध्वीने पिम्पाला येताना पाहिलं, तिच्या हातातली पेटी पाहिली आणि काही न विचारता मंतरलेल्या दोऱ्याचं रीळ बाहेर आणलं.

“एवढासा पुरे होईल,” साध्वी म्हणाली. “बुआखामची मनगटं म्हणजे काड्या. मी सांगायची तिला, नाचतेस काय, आधी जेव. तर म्हणायची, जेवले तर उडेन कशी?” ती एकटीच हसली. “तोडू?”

पिम्पाने पेटी छातीशी घेतली. आत काहीतरी हलकेच सरकलं.

“दोघींपुरता द्या,” ती म्हणाली.

साध्वीचा हात थांबला. “अगं बाई! दुसरी कोण गेली?”

“अजून कोणी नाही.”

साध्वीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग रीळ आणखी उलगडलं, दोरा दाताने तोडला आणि पदरात घालावा तसा पेटीवर ठेवला. पिम्पाने पेटी कट्ट्यावर टेकवून त्याचे दोन तुकडे केले. एक कनवटीला खोल खोचला. दुसरा, ख्रूंचा, मनगटाभोवती गुंडाळला आणि पेटी पुन्हा उचलून, संध्याकाळच्या घंटेकडे पाठ करून, ती दालनाच्या दिशेने चालू लागली.