बाकातल्या नऊ ओळी

मिल्का झुपान पंचवीस वर्षं आईला पत्रातून कळवत आली होती, की मी नाटकात काम करते. यात खोटं काही नव्हतं. फक्त ते काम पडद्यामागचं आहे, एवढं लिहायचं दर वेळी राहून जायचं. कधी कपड्यांना इस्त्री, कधी नाटकं टाइप करणं, कधी विंगेत बसून नटांना विसरलेली ओळ पुरवणं. आता त्रेचाळिसाव्या वर्षी तर तिची विंगही गेली होती. टेलिव्हिजनला विंग नसते. तीन कॅमेरे कधी कुठे तोंड फिरवतील सांगता येत नाही. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी आठला, न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या नाट्यगृहाच्या स्टुडिओत, मिल्का एका लाकडी बाकाच्या पोटात जाऊन पडायची.

बाक म्हणजे खिडकीखालची लांबट पेटी, बाहेरून पितळेची कडी असलेली. झाकण उचललं की आत पांघरुणं ठेवायची सोय. त्यातली पांघरुणं काढून तिथे मिल्काला ठेवलं होतं. पुढच्या फळीत जाळीचं कापड लावलेलं एक भोक होतं. त्यातून ती दबक्या आवाजात ओळ सोडायची आणि वर बसलेले ऑगस्टिन थेअर ती झेलायचे. थेअरसाहेबांचं रंगभूमीवर मोठं नाव. वय बाहत्तर. आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, शब्द मात्र ओठांपर्यंतही पोचायचे नाहीत. स्टुडिओत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि स्टुडिओबाहेर कुणालाच नाही. दर आठवड्याला नाटक नवं, पण खिडकी आणि खिडकीखालचा बाक ठरलेला. प्रेक्षकांना वाटायचं, थेअरसाहेबांना खिडकीची हौस आहे.

त्या जानेवारीत पूर्वेकडचं आणि आतल्या भागातलं टेलिव्हिजन एका तारेने जोडलं गेलं. तोवर त्यांचा कार्यक्रम पूर्वेकडच्या चार-पाच शहरांत दिसायचा. आतल्या भागात त्याची फिल्म जायची, तीही आठवड्याने आणि धुक्यातून पाहिल्यासारखी. आता शिकागोला, क्लीव्हलंडला सगळं त्याच क्षणी दिसणार होतं. आणि मिल्काची आई राहायची त्या क्लीव्हलंडमध्ये, सेंट क्लेअर रस्त्यावर, मिल्काच्या मेव्हण्याच्या दारूच्या गुत्त्यात एक टेलिव्हिजन होता.

ती थेट दिग्दर्शकाकडे गेली. हर्श एकोणतीस वर्षांचा, खिशात कायम पोटदुखीच्या गोळ्या.

"हर्श, मला एक भूमिका दे."

"कसली?"

"कसलीही. तोंड दिसेल अशी."

हर्शने गोळी चघळली. "शेजारीण आहे. तिसऱ्या अंकात, नऊ ओळी. पण म्हाताऱ्याला ओळ कोण देणार? मी?"

"तिसऱ्या अंकात त्यांना अकराच ओळी आहेत. चहाच्या ट्रेवर कागद घालून मीच लिहून देते. ट्रे मांडीवर घेऊन बसतील."

"आणि तू बाहेर कधी येणार?"

"दुसऱ्या जाहिरातीत. नव्वद सेकंद असतात. टोपी-एप्रन आतच घालून बसते."

हर्शने वर बघितलं, जणू छतावर कुणी दुसरं उत्तर लिहून ठेवलंय. मग म्हणाला, "ठीक. पण नव्वद म्हणजे नव्वद हं, बाई."

मिल्काने त्याच दिवशी घरी पत्र टाकलं. बहिणीचं उत्तर आलं: आईने पोटित्साचे, म्हणजे अक्रोड भरलेल्या गोड पावाचे, सहा रोल भाजायला घेतलेत, पाद्रीबाबांना सांगून झालंय, गल्लीतल्या कोवाच म्हातारीला मुद्दाम बोलावलंय, कारण मिल्काचं काही खरं नाही असं ती वीस वर्षं म्हणत आली आहे.

तर असा तो गुरुवार. बाकात मिल्का कुशीवर पडली होती, डोक्यावर शेजारणीची फुलांची टोपी, हातात विजेरी आणि नाटकाची प्रत. वर दिव्यांची भट्टी. पंखे आवाज करतात म्हणून बंद. गालावरून घाम कानात चालला होता आणि तो पुसायलाही कोपर हलवता येत नव्हतं. एरवी तिला याचं काही वाटायचं नाही. आज मात्र पहिल्यांदाच तिला कळलं, की पेटी किती लहान आहे.

पहिला अंक पार पडला. दुसऱ्याच्या शेवटी मुलीचं काम करणारी जून बापाच्या, म्हणजे थेअरसाहेबांच्या, मांडीवर ट्रे ठेवून चहा ओतते, असं होतं. नाटकाचा खर्च चहाची एक कंपनी करायची आणि तिच्या माणसाची एकच अट: वाफ खरी दिसली पाहिजे. त्यामुळे चहा उकळता. आज जूनच्या डोळ्यांसमोर एकाएकी वाढलेली ती सगळी शहरं होती. तिचा नेम चुकला आणि अर्धा कप चहा ट्रेमध्ये सांडला. जाळीतून मिल्काला काही दिसलं नाही. फक्त थेअरसाहेबांचे पाय एकदम ताठ झालेले दिसले.

लाल दिवा विझला. कॅमेरे पलीकडच्या कोपऱ्यात वळले. तिथे एक गोड हसणारी मुलगी चहाच्या डब्याची जाहिरात करू लागली, हाकेच्या अंतरावर, चालू मायक्रोफोनसमोर. इकडे कुणी खोकलं तरी ते क्लीव्हलंडला ऐकू गेलं असतं.

मिल्काने झाकणाला हात लावला. हललं नाही.

"थेअरसाहेब," ती जाळीतून कुजबुजली, "उठा. मला बाहेर यायचंय."

"ओळी गेल्या." वरून नुसता श्वास आला. "शाई पसरली. सगळं निळं झालंय."

"ट्रे ठेवा खाली आणि उठा. मी जूनला सांगते, ती सांभाळून घेईल."

"तिला तिच्याच आठवत नाहीयेत."

"साहेब, हात जोडते. माझी आई बघतेय तिकडे."

वरचे पाय बाकाजवळ ओढले गेले. मग थेअरसाहेब म्हणाले, "माझीही बायको बघतेय, मुली. तिला ठाऊक नाही." आणि बाकाच्या बाहेरच्या अंगाने एक बारीक खट्ट ऐकू आलं. कडी.

मिल्काला क्षणभर खरंच कळेना, की हे झालं काय. मग कळलं तेव्हा तिने दोन्ही तळहात झाकणाला लावले. वर बाहत्तर वर्षांचं वजन आणि पितळेची कडी. लाथ घालावी, ओरडावं, सगळं मनात आलं. पण पलीकडे ती मुलगी कपात साखर घालत गोड बोलत होती, आणि अकरा आठवड्यांत मिल्काच्या अंगात एकच गोष्ट मुरली होती, ती म्हणजे आवाज न करणं. तिला स्वतःचाच राग आला. बाहेरून कडी एकानेच लावली होती, पण आतून ती इतकी वर्षं कोण लावत होतं, असाही एक नको तो विचार येऊन गेला.

डोनेली, कानाला फोन लावून स्टुडिओभर हातवारे करत फिरणारा तो उंच माणूस, सेटवरच्या दाराच्या मागे तिची वाट बघत उभा होता. दाराखालच्या फटीतून तिला त्याचे बूट दिसत होते. आधी एक बूट आपटायला लागला, मग दोन्ही.

लाल दिवा लागला. तिसरा अंक.

थेअरसाहेब गप्प. मिल्काने डोळे मिटले आणि ओळ सोडली. ओळ सोडली नसती तर? तेही मनात आलं. पण वर एक माणूस बुडत होता आणि तिला दुसरं काही करता येत नव्हतं. त्यांनी ओळ झेलली, काय सुंदर झेलली! आवाजात असा कंप, की वाटावं बापाचं काळीज फाटतंय. फाटत होतंच म्हणा.

मग पडद्यामागून दारावर ठरलेली टकटक झाली. शेजारणीची वेळ. जूनने दार उघडलं. दारात कुणी नाही.

जून दार धरून उभी राहिली. एक सेकंद, दोन, तीन. टेलिव्हिजनवर तीन सेकंद म्हणजे माणूस मेल्यासारखं वाटतं. डोनेली दाराआडून दोन्ही हात फाकवत रबर ताणल्यासारखं करू लागला: लांबव, लांबव. जूनला लांबवायला काही सुचेना.

तेवढ्यात खिडकीखालून एक खणखणीत आवाज आला. "अगं, दाराशी काय उभी? इकडे बघ, खिडकीपाशी! हात पिठाचे आहेत माझे, आत नाही येत. इथूनच बोलते!"

जूनच्या चेहऱ्यावर जीव आला. ती धावत खिडकीपाशी आली आणि बाहेरच्या रंगवलेल्या आभाळाकडे बघून म्हणाली, "काकू, तुम्ही होय!"

मिल्काने नऊच्या नऊ ओळी म्हटल्या, तोंड लाकडाला लावून. मधेमधे आवाज खाली आणून थेअरसाहेबांना त्यांची ओळ द्यायची, त्यांनी ती म्हटली की पुन्हा आवाज चढवून शेजारीण व्हायचं. एकदा घाईत तिने त्यांचीच ओळ मोठ्याने म्हटली, तेव्हा थेअरसाहेब म्हणाले, "अगदी माझ्या मनातलं बोललात, बाई." ते मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

आणि सेंट क्लेअर रस्त्यावर पोटित्सा पुढ्यात ठेवून तिची आई एका रिकाम्या खिडकीकडे बघत होती.

शेवटी बाप आणि मुलगी घर सोडून जातात. थेअरसाहेब उठले. उठता उठता त्यांची काठी बाकावर घासली आणि कडी निघाली. पावलं लांब गेली. दार लागलं. आता साठ सेकंद नुसती रिकामी खोली दिसणार होती, संगीत, आणि खोलीवरून हळूहळू वर सरकणारी नावं. नियम साधा होता: दिवा विझेपर्यंत कुणी पापणीही हलवायची नाही.

मिल्काने तो नियम अकरा आठवडे पाळला होता. थेअरसाहेबांचं नाव गेलं असेल. आता जूनचं. मग "शेजारीण – मिल्का झुपान". दुपारी रंग ओला असताना तिने ते स्वतः पाहिलं होतं. त्या नावाखाली आज एक बाक दिसणार होता.

तिने झाकण उचललं.

आधी टोपी आली, एका कानावर गेलेली. मग बाकीची मिल्का, बरीच धडपडत, कारण डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा. दाराशी डोनेली बोटाने स्वतःचा गळा कापत होता, म्हणजे थांबव, थांबव. मिल्काला चालता येईना, म्हणून तिने झाकण खाली टाकलं आणि त्यावरच बसली, अकरा आठवडे थेअरसाहेब बसत होते तिथे. दोन्ही हातांनी टोपी सरळ केली, आधी डावीकडून, मग मागून दाबून. एप्रन मांडीवर नीट केला. आणि शेजारीण रिकामं घर राखायला बसावी तशी, दिव्याकडे बघत, स्वस्थ बसून राहिली.

दिवा विझला.

हर्श लोखंडी जिना उतरत आला तो बोलतच आला. "सोमवारपासून येऊ नकोस! ऐकलंस? अख्ख्या देशाने, अर्ध्या तरी देशाने, एका बाईला पेटीतून निघताना पाहिलंय! तुझी एंट्री कुठे होती? मेली होतीस का आत?"

थेअरसाहेब पुढे आले, तोंड उघडलं आणि सवयीने तिच्याकडे बघितलं, ओळीसाठी. तिने ओळ दिली नाही.

"कडी मी लावली होती," थेअरसाहेब म्हणाले.

स्टुडिओच्या बोळात फोनची काचेची खोली होती. गुत्त्यातला फोन मेव्हण्याने उचलला, मग गलका, मग आई.

"मिल्का? तू पेटीत काय करत होतीस गं?"

"काम, आई."

"किती वेळ?"

"दर गुरुवारी एक तास. अकरा आठवडे झाले." मग तिला वाटलं, आता काय राखायचं. "त्याआधी पडद्यामागे. पंचवीस वर्षं."

तिकडून ग्लासांचे आवाज आले. आई म्हणाली, "त्या कोवाचला वाटलं, ही दुसरीच कुणीतरी. सगळ्यांनाच वाटलं. मी म्हटलं, थांबा. टोपी अशी आधी डावीकडून आणि मग मागून दाबणारी माझीच आहे." आणि पुढे, "वाळलीस. आत वारा येत होता का?"

"नाही गं."

"मग?"

काचेबाहेर डोनेली येऊन उभा राहिला. हर्श विचारतोय, सोमवारी दहाला तालमीला येशील का, असं त्याने ओठांनी सांगितलं. मिल्काने फोनवर हात ठेवला. "आधी विचार, कुठे बसायचं ते."

तेवढ्यात मधली ऑपरेटर बाई म्हणाली, तीन मिनिटं झाली. डोनेलीने मिल्काचा चेहरा बघितला आणि काचेपलीकडून दोन्ही हात हळूहळू फाकवले.

"चालू ठेवा," मिल्का म्हणाली. "हं आई, मग ऐक."