गाव नको म्हणतंय

तिसरी चादर दोरीवर टाकून संजीवनी चिमटे लावत होती, तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन थरथरला. ओले हात पदराला पुसून तिने तो पाहिला. ठाण्याच्या चौघांनी पाडव्याचं बुकिंग कॅन्सल केलं होतं. आठवड्यातलं हे पाचवं. कारणाच्या जागी पाचही वेळा एकच ओळ आली होती : बेत बदलला.

चादरी खरं तर धुतलेल्याच होत्या. पाहुणे येऊन गेल्याला बारा दिवस झाले होते. पण सकाळपासून तिला एका जागी बसवत नव्हतं. गोठ्यापलीकडच्या, पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दोन्ही खोल्या तिने झाडून घेतल्या, खिडक्यांच्या जाळ्या काढून घासल्या, मग चादरी बादलीत टाकल्या. ओटीवर बसलेल्या अंबूबाई, तिच्या सासूबाई, हे सगळं बघत होत्या.

"कोन येतंय का गो?"

"कोन नाय, आत्याबाई."

"मग कुनासाठी धुतेस?"

तिने पुढचा चिमटा लावला. सोमवारपासूनचं एक बुकिंग अजून शिल्लक होतं आणि ते चांगलं महिनाभराचं होतं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बोललं तर तेही जाईल, असं तिला वाटत होतं. नवरा सयाजी बिरवाडीला कंपनीत होता. तिथे माणसं कमी पडल्यामुळे दोन आठवडे त्याला सुट्टी मिळाली नव्हती. फोनवर तो रोज एवढंच म्हणायचा, "आईला जप. बाकी काय ते नंतर बघू."

अंबूबाईंना दम्याचा त्रास होता. पावसाळ्यात आणि गवत कापणीच्या दिवसांत त्यांची छाती वाजायची. टीव्हीवर आता रोज सांगत होते, म्हाताऱ्या माणसांना आणि छातीच्या आजारवाल्यांना कोरोनाचा धोका जास्त. ते लागलं की संजीवनी उठून आवाज कमी करायची.

दुपारी ती कांदा चिरायला बसली तेव्हा फोन आला.

"संजीवनीताई, मी प्रियदर्शिनी बोलतेय, मुंबईहून. डिसेंबरात आम्ही पाचजणी आलो होतो, आठवतंय?"

आठवत होतं. पाचही जणी एका सरकारी हॉस्पिटलात नर्स होत्या. आल्या आल्या त्यांनी सांगितलं होतं, आम्हाला उठवू नका. दोन दिवस त्या अकरा-अकरापर्यंत झोपल्या, प्रतापगड बघायचा राहूनच गेला. निघताना प्रियदर्शिनीने खोलीच्या भिंतीला हात लावून म्हटलं होतं, "किती शांत आहे हो इथे. कुणी हाक मारत नाही."

"सोमवारचं बुकिंग मीच टाकलंय, ताई. पण मी नाही येणार. आई येईल आणि माझी मुलगी, सेजल. सात वर्षांची आहे." ती भरभर बोलत होती, मागे कुणीतरी तिला बोलावत होतं. "माझी ड्युटी आता कोरोनाच्याच वॉर्डात लागलीय. घर एका खोलीचं. मी बाहेर पॅसेजमध्ये झोपते, पण ती पोर दार उघडून येतेच. किती सांगितलं तरी येते. म्हटलं, तुमच्याकडे पाठवली तर..."

घरात अंबूबाई खोकल्या. नेहमीचाच खोकला होता, घशातून उतरून छातीत अडकणारा. संजीवनीच्या हातातली सुरी थांबली.

"ताई, ऐकू येतंय ना?"

"हो, येतंय." आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडून असं सरळ बाहेर पडलं, की तिचं तिलाच नवल वाटलं. "पण कसं आहे, गाव नको म्हणतंय हो. बाहेरचं कुणी घ्यायचं नाही, असा ठराव झालाय काल. माझं काही चालत नाही त्यात."

पलीकडे तिला पुन्हा कुणीतरी हाक मारली.

"हो का," प्रियदर्शिनी म्हणाली. "बरोबर आहे गावाचं. त्यांनी काळजी घ्यायलाच हवी."

"मला फार वाईट वाटतंय..."

"नाही नाही, तुम्ही काय करणार. एक करा, बुकिंग तुम्ही कॅन्सल करू नका. मालकाने केलं की ॲपवर तुमच्या नावावर दंड लागतो ना? मीच करते."

भाजी फोडणीला पडायच्या आत मेसेज आला. कारण : बेत बदलला.

ठराव झालेला नव्हता. आदल्या दिवशी देवळापाशी चार माणसं जमली होती. दासगावकडे कुणाच्या तरी घरी मुंबईची माणसं आली, मग तिथे म्हणे काटेरी फांद्या टाकून वाट अडवली, असं कुणीतरी सांगितलं होतं. आपल्या वाडीत काय करायचं यावर दोघं-तिघं तावातावाने बोलले, आणि जेवायची वेळ झाली तसे उठून गेले. संजीवनी तिथे होती. कुणी काही ठरवलं नव्हतं, आणि तिला कुणी काही विचारलंही नव्हतं.

शनिवारी तिने कणगीतले तांदूळ काढून निवडले. ते आधीच निवडलेले होते. अंगणातल्या बाकड्यांना रंग द्यायचा म्हणून डबा उघडला आणि अर्धं बाकडं रंगवून तसंच ठेवलं. फोन तिने घरात फळीवर ठेवला होता, पण दर थोड्या वेळाने ती आत जाऊन यायची. कुणाचाच कॉल नव्हता. आता कॅन्सल करायलाही कुणी उरलं नव्हतं.

पॅसेजमध्ये झोपणारी बाई आणि दार उघडून येणारी पोर तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. आपण खोटं बोललो, याहीपेक्षा तिला एक गोष्ट जास्त टोचत होती. ती बाई 'बरोबर आहे' म्हणाली होती.

रविवारी जनता कर्फ्यू होता, सगळं बंद होतं. खाली हायवेवर एरवी कशेडीकडे चढणाऱ्या ट्रकांची घरघर दिवसभर वाडीपर्यंत यायची, ती नव्हती. पाच वाजता मात्र एकदम कल्लोळ झाला. घराघरांतून माणसं अंगणात आली आणि ताटं, परात, पातेल्याची झाकणं, मिळेल ते वाजवू लागली. अंबूबाईही ओटीच्या कडेला आल्या आणि पितळी ताटलीवर उलथणं मारू लागल्या.

"तू नाय वाजवत?" त्यांनी विचारलं.

संजीवनीच्या हातात झांज होती. तिने ती एकदा वाजवली आणि खाली ठेवली.

समोरच्या वाटेने महिपत ताट वाजवत आले. ते वाडीचे पुढारी. पंचायतीचं काम असो की कुणाचं भांडण, लोक त्यांच्याकडेच जायचे. वय सत्तरीला टेकलेलं, पण शेरडं घेऊन अजून डोंगरात जायचे. अंगणात येऊन ते थांबले आणि धापा टाकत हसले.

"डाक्टर-नर्सांसाठी हाय म्हणे हे. टीव्हीवर सांगितलं. त्यांना ऐकाया जाईल काय गो हितनं?"

"बसा, तात्या. पानी देते."

पाणी पिऊन त्यांनी खोल्यांकडे मान वळवली. "पाव्हनं कोन हाय का?"

"नाय. समद्यांनी कॅन्सल केलं." तिने रिकामा तांब्या हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "एक नर्स होती. स्वताला नाय, आईला नि पोरीला पाठवते म्हणत होती. तिला त्या रोगाच्या वॉर्डात ड्युटी हाय."

"मग?"

"मी नको सांगितलं."

तिला तिथे थांबता आलं असतं.

"मी सांगितलं, गाव नको म्हणतंय. ठराव झालाय."

"ठराव?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कदी झाला?"

"नाय झाला."

ओटीवर अंबूबाईंचं उलथणं थांबलं होतं. वाडीच्या दुसऱ्या टोकाला अजून कुणीतरी एकटंच डबा बडवत होतं.

"इचारायचं व्हतंस," महिपत म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आमच्या नावानं नाय म्हणालीस, नि आमाला इचारलंससुदिक नाय."

"इचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

त्यांनी मांडीवरचं ताट उलटं केलं. मध्ये पोचा पडला होता, त्यावरून ते अंगठा फिरवत राहिले.

"ते काय मला ठाव नाय," ते म्हणाले. "कदाचित नायच म्हणालो असतो. मी पन भितोय की. पन आता हे वाजवून झाल्यावर कुठल्या तोंडानं नाय म्हणू?" ते उठले. "खोली लांब हाय तुझी, गोठ्याच्या पलीकडं. चौदा दिवस कुनी तिकडं जायाचं नाय नि त्यांनी अलीकडं यायाचं नाय. लोकांशी मी बोलतो. पन तुज्या सासूचं तू बघ. ते मी नाय सांगनार."

ते गेल्यावर संजीवनी ओटीवर येऊन बसली. अंबूबाईंनी ताटली मांडीवरून बाजूला केली.

"पोर केवढी हाय?"

"सात वर्सांची."

"आईबगर ऱ्हाईल?"

"ऱ्हायला पायजे. आजी हाय संगं."

अंबूबाईंना श्वास घ्यायला थोडा वेळ लागला. "माझ्या खोकल्याचं निमित्त कुनाला देऊ नको गो," त्या म्हणाल्या. "मी घरात बसंन. मला आता कुठं जायाचं ऱ्हायलंय?"

संजीवनीने लगेच फोन लावला. उचलला नाही. मग पुन्हा पाच वेळा लावला, तरी नाही. जेवण झाल्यावर लावला तेव्हा फोन बंद होता.

सोमवारी सकाळी गोठ्यात शेण भरत असताना तो वाजला. तिने पाटी तिथेच टाकली.

"आत्ता सुटले ड्युटीवरून," प्रियदर्शिनीचा आवाज बसला होता. "तुमचे सहा मिस्ड कॉल आहेत. काय झालं, ताई?"

"पाठवा त्यांना. आजच पाठवा."

"गाव तयार झालं?"

इथे फक्त 'हो' म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं, रात्रीच महिपत घरोघर बोलून आले होते. वासरू दावणीला ओढ देत होतं, संजीवनीने त्याच्या मानेवर हात ठेवला.

"गाव नको म्हणालंच नव्हतं," ती म्हणाली. "ठराव वगैरे काही नव्हता. मी घाबरले. सासूबाईंना दमा आहे. पण तेही मी तुम्हाला सांगितलं नाही. गावाचं नाव पुढे केलं."

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"आणि आता?"

"आता सगळ्यांना विचारलंय. सासूबाईंनाही."

संजीवनीला वाटलं, ती फोन ठेवेल. ठेवला असता तर बरंच झालं असतं, असंही क्षणभर तिला वाटलं.

"एसट्या बंद आहेत," शेवटी प्रियदर्शिनी म्हणाली. आवाज कोरडा होता, वॉर्डात औषधाची वेळ सांगावी तसा. "जिल्ह्याच्या हद्दी बंद होणार म्हणतात. आज की उद्या, माहीत नाही. आमच्या चाळीत एक टॅक्सीवाला आहे, त्याला विचारते. पोलादपूरला उतरायचं ना?"

"हो. घाट लागायच्या आधीच. मी हायवेवर थांबते."

"फोन चालू ठेवा."

पावणेबाराला मेसेज आला, निघाले. संजीवनी दोन वाजताच खाली उतरली. इतक्यात कुणी येणार नाही हे माहीत असून ती फाट्यावर उभी राहिली. हॉटेलं बंद होती. दुधाचा एक टेम्पो गेला, मग भाजीचा. एक हवालदार मोटारसायकल थांबवून म्हणाला, "बाई, घरी जा." पाहुणे येणार आहेत म्हणाली असती तर आणखी चार प्रश्न आले असते. ती म्हणाली, "माणसं यायची आहेत माझी." तो पुढे गेला.

साडेतीनला पेणच्या पुढे असल्याचं कळलं. त्यानंतर काहीच नाही. साडेपाच झाले. महाडकडून गाडी दिसली की ती रस्त्याच्या कडेपर्यंत जायची आणि गाडी पुढे निघून गेली की मागे यायची. तिच्या पायांत गोळे आले होते, पण मैलाच्या दगडावर बसावंसं वाटत नव्हतं.

काळी-पिवळी टॅक्सी आली ती सव्वासहाच्या सुमाराला, उन्हं डोंगराआड जाताना. ड्रायव्हर उतरलाच नाही. "वर नाही सोडणार हां," तो काच खाली करून म्हणाला. "दोन ठिकाणी अडवलं. हद्द बंद व्हायच्या आत परत पोचायचंय मला."

मागच्या दारातून एक बारीक चणीची म्हातारी उतरली. तोंडाला घट्ट बांधलेला रुमाल, पायात बूट. तिने आधी दोन पिशव्या काढल्या आणि मग हात देऊन मुलीला उतरवलं. मुलीच्या तोंडावरचा मास्क मोठ्या माणसाचा होता, डोळ्यांखालून थेट हनुवटीच्या खालपर्यंत आलेला. टॅक्सी वळून निघून गेली.

"या," संजीवनी म्हणाली. "फार त्रास झाला ना? अर्ध्या तासाची वाट आहे. रिक्षा आज बंद..." आणि ती मोठी पिशवी घ्यायला पुढे झाली.

"नको," म्हातारी म्हणाली. "हात लावू नका."

संजीवनी मागे सरली.

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. नजर रागाची नव्हती. दुकानात एखादं भांडं हातात घेऊन, उजेडाकडे धरून पाहावं, तशी होती.

"संजीवनी तुम्हीच ना?"

"हो."

"मुलीने सांगितलं मला सगळं." तिने एक पिशवी खांद्याला अडकवली, दुसरी उचलली आणि मोकळ्या हाताने नातीचं मनगट धरलं. "तुम्ही पुढे चला. आम्ही येतो मागून, अंतर ठेवून."

संजीवनी वाटेला लागली. चढावर वळण आलं तसं त्यांना जड जात असेल म्हणून ती थांबली. मागची पावलंही थांबली. ती पुन्हा निघाली, सावकाश, आणि थोड्या वेळाने तेवढ्याच अंतरावरून पावलांचा आवाज येऊ लागला, आधी मोठ्या बुटांचा आणि त्यामागून लहान चपलांचा.