उपाशी बेडकांची पेटी

वैद्यनाथरावांच्या पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा चूक कावळ्याची आहे असं म्हणायला तिरुवैयारूच्या घाटावर कुणी उरलं नव्हतं. तसं म्हणणारा सबंध तंजावुरात एकच माणूस होता, आणि पिंड त्याचाच होता.

पुतण्या गुरुराज ओलेत्यानं हात जोडून उभा होता. घर सांभाळीन, कनकलतेला अंतर देणार नाही, तुमची पुस्तकं विकणार नाही, सगळी वचनं देऊन झाली. कावळे कावेरीपलीकडच्या भातशेताकडं बघत बसले. शेवटी वेंकूबाई, वैद्यनाथरावांची थोरली बहीण, पुढं झाल्या.

"वैद्या, तुझी ती लाकडी पेटी शेषाद्री शास्त्र्यांना दान देते. जन्मभर जिवापाड जपलीस ना? आता तरी गिळ!"

कावळा आला. एक नव्हे, तीन आले.

मुलीनं घाटावर जायचं नाही, म्हणून कनकलता घरी बसली होती. पाहुणे पांगल्यावर तिनं पेटी शोधली, तेव्हा तिला हे कळलं. दानाच्या छत्री नि चपलांबरोबर पेटी शास्त्र्यांकडं पापनाशमला पोचून आठ दिवस झाले होते.

पेटीत बेडूक होते. अख्खे नव्हेत, त्यांच्या स्वादुपिंडाचे रंगवलेले काप, काचांवर बसवलेले. वैद्यनाथराव कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात बेडकांना उपाशी ठेवत. दोन दिवस उपास, मग गांडुळांचं जेवण, आणि त्यानंतर दर अर्ध्या तासानं एकाचा बळी. पचनाचा रस म्हणजे प्रथिन. ते पेशीच्या तळाशी तयार होतं, गॉल्जी नावाच्या एका घडीदार जाळीपाशी त्याचे दाणे बांधले जातात, आणि ते दाणे दुसऱ्या टोकानं बाहेर पडतात. कोण कुठं नि कधी पोचतं, एवढं एकच वेड त्यांनी अठरा वर्षं धरलं होतं.

"एवढीशी पेशी," ते जेवताना सांगत. "आत हजार तऱ्हेची प्रथिनं. काही घरात ठेवायची, काही बाहेर धाडायची. पण पत्ता चुकत नाही. आणि आमच्या वेंकूला मीठ कुठलं नि साखर कुठली, कळत नाही."

"तुझ्या पेशीला डोकं खाणारा भाऊ नसेल," वेंकूबाई म्हणत.

ते गेले त्याच्या चार दिवस आधी त्यांच्या निबंधाबद्दल कलकत्त्याच्या नियतकालिकाचं पत्र आलं होतं. जेवणानंतर दीड तासानं दाणे गॉल्जीपाशी प्रथम दिसतात, हा दावा महत्त्वाचा आहे. पण मोजलेल्या पेशी फार थोड्या आहेत. प्रत्येक वेळेच्या दोनशे पेशी मोजून पुढच्या महिनाअखेरपर्यंत आकडे कळवावेत, नाहीतर निबंध छापता येणार नाही. तापात त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "गाढव आहे," ते म्हणाले. "पण विचारतोय बरोबर."

कनकलता मद्रासला हाच विषय शिकवत होती. मोजणं तिला येत होतं. फक्त मोजायचं ते शास्त्र्यांच्या देवघरात होतं. हाती बारा दिवस होते. तिनं पापनाशमची बस पकडली.

शास्त्र्यांच्या तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, तीन म्हाताऱ्या दर्शनासाठी खोळंबल्या होत्या. आत चौरंगावर पेटी होती, पेटीवर झेंडूची माळ.

"ये, कनका!" शास्त्र्यांनी पाट पुढं सरकवला. "आम्ही तुझ्या अप्पांना नास्तिक म्हणत होतो. आमची जीभ झडो!" त्यांनी एक काच उजेडात धरली. "वाच. 'उपोषण, अठ्ठेचाळीस तास. पारण्यानंतर अर्धा तास.' ही दुसरी. 'पारण्यानंतर एक तास.' आम्ही एकादशीला उप्पुमा चापतो, कनका. आणि हा माणूस अठ्ठेचाळीस तास उपाशी! तेही गुपचूप!"

"आणि काचेवरचं हे जांभळं काय वाटतं तुम्हांला, मामा?"

"तीर्थ. त्या त्या घटकेचं. वाळवून ठेवलंय. वेंकूबाई परवा येऊन तासभर रडल्या. म्हणाल्या, माझा भाऊ ऋषी निघाला."

बेडकांच्या जेवणाला पारणं म्हणणं ही अप्पांची जुनी थट्टा. सगळं गाव ज्याला हसलं, त्याला आज फुलं वाहत होतं. तोंड मिटून परतलं की अप्पा ऋषी राहणार होते. निबंध मात्र बुडणार होता.

"मामा," ती म्हणाली, "ते उपास अप्पांनी नाही केले."

"मग?"

"बेडकांनी."

स्वयंपाकघराच्या दारात शास्त्र्यांच्या बायकोनं, अलमेलुमामींनी, तोंडाला पदर लावला. शास्त्र्यांनी काच हळूच खाली ठेवली आणि बोटं अंगापासून लांब धरली.

"किती?"

"छप्पन्न."

"आठ दिवस नैवेद्य दाखवला मी!"

"पायसमसुद्धा," अलमेलुमामी म्हणाल्या. "मला वाटीभर उरलं नाही."

शास्त्री उठले आणि विहिरीवर गेले. बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. परत आले ते ठिबकतच.

"दान परत देत नाही," ते म्हणाले. "वचनावर कावळा शिवलाय. मोडलं तर तुझे अप्पा लटकतील."

"मामा, काचा नाहीत तर निबंध नाही. त्यांची अठरा वर्षं आहेत त्यात."

"तुला पेटी हवी, की तिच्यात बघायचंय?"

"बघायचंय."

"मग तुझं यंत्र इथं आण. पेटी माझी, बघणं तुझं. देवघरातून मात्र ती आत्ता बाहेर." त्यांनी तिण्णैकडं पाहिलं. "आणि त्या बायकांना मी काय सांगू?"

"खरं सांगा."

"खरं? म्हणतील, शास्त्र्यांच्या वाऱ्यानं बेडूकसुद्धा उपास करतात. उद्या दुप्पट येतील!"

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शक तिण्णैवर आला. पहिला डोळा अलमेलुमामींनी लावला. "हे तर कांजीवरम," त्या म्हणाल्या, आणि चिंचोके घेऊन शेजारी बसल्या. दहा पेशी झाल्या की एक चिंचोका. शास्त्री दोन हात लांब बसून विटाळाच्या गोष्टी सांगत आणि मधूनच विचारत, "आता कितव्या पारण्याला आलो?"

शेवटच्या वेळेपासून मागं येत येत नवव्या दिवशी एक तासाच्या काचा निघाल्या. कनकलतेनं दोनशे पेशी मोजल्या, डोळे पुसले आणि पुन्हा मोजल्या. जाळीला चिकटून दाणे होते. फिकट, बारीक, पण जवळजवळ अर्ध्या पेशींत.

"चिंचोके चुकले?" अलमेलुमामींनी विचारलं.

"नाही. अप्पा चुकले. दाणे एक तासालाच येतात. शेवटी डोळ्यांना बारीक दिसत नव्हतं त्यांना. कबूल करत नव्हते."

"म्हणजे कितीनं चुकला?" शास्त्री म्हणाले.

"अर्ध्या तासानं."

"अठरा वर्षांत अर्धा तास! माझा एकेक मुहूर्त त्याहून जास्त चुकतो, आणि लोकांचे संसार चाललेत."

"त्यांनी ऐकून घेतलं नसतं. दोन दिवस भांडले असते."

"मग भांड की!"

"कुणाशी, मामा?"

कनकलतेनं निबंधातला दीड तास खोडला आणि वर एक तास लिहिलं. तिनं चष्मा काढला आणि पदरानं पुसला.

अलमेलुमामींनी चिंचोके ओंजळीत गोळा केले.

"तिसऱ्यांदा मोजूया," त्या म्हणाल्या. "उगाच त्यांच्यावर आळ नको." आणि त्यांनी पहिला चिंचोका बोटांत धरून ठेवला.