पुसण्याआधी

जरका शहराच्या भंगारबाजारात मैसूनला तिची गाडी सापडली, तेव्हा पुढची दोन्ही दारं कुणीतरी विकून टाकली होती. सीटा गेल्या होत्या, दिवे गेले होते. टपावरची ड्रायव्हिंग स्कूलची पिवळी पाटी तेवढी जागेवर होती. ती कोण घेणार?

"मला गाडी नकोय," ती आवारातल्या शहीरला म्हणाली. "एअरबॅगचा कंप्युटर हवाय. पुसलास का?"

शहीरचं पोट त्याच कामावर चालायचं. धडक बसून एअरबॅग उघडली की त्या तळहाताएवढ्या डब्यात धडकेआधीच्या काही सेकंदांची नोंद पक्की बसते, आणि मग तो डबा दुसऱ्या गाडीला चालत नाही. शहीर ती नोंद पुसायचा आणि डबा पुन्हा विकायचा.

"उद्या पुसणार होतो," तो म्हणाला. "वाचून काय करणार ताई? माझ्याकडे लोक विसरायला येतात."

"मी नाही आले विसरायला."

विसरण्यासारखं नव्हतंच ते. ईदनंतर रुसैफाच्या रस्त्यावर, उभ्या ट्रकांच्या मधून राकान नावाचा विशीतला मुलगा मोटरसायकलवर एकदम बाहेर आला. मैसूनची गाडी त्याला लागली आणि पुढे जाऊन दुभाजकावर आदळली. राकान जागच्या जागी गेला. रस्त्यावर टायरांचे काळे पट्टे नव्हते, म्हणून अहवालात लिहिलं गेलं की ब्रेक लावलाच नाही. नव्या गाड्यांची चाकं जाम होत नाहीत, पट्टे उमटतीलच असं नाही, हे ती घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिली. ऐकतो कोण? ब्रेक नाही म्हणजे बघत नव्हती, बघत नव्हती म्हणजे फोनवर होती, आणि शेवटी काय, बाईमाणूस. जी बाई रोज दुसऱ्या बायकांना ब्रेकवर पाय ठेवायला शिकवते, तिच्याबद्दल हे बोललं जात होतं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

त्यात काका. वडील नव्हते, म्हणून हा काका, अबू हाबिस, शुक्रवारी बुजुर्गांना घेऊन राकानच्या घरी जाणार होता आणि भर मांडवात कबूल करणार होता, की आमची मुलगी बघत नव्हती. शब्द मध्यस्थांनी ठरवून दिले होते. ते उच्चारले की समेट होणार, दोन्ही घरांची सुटका होणार. मैसूनला कुणी विचारलंही नव्हतं.

शहीरने डब्याला वायरी जोडल्या. लॅपटॉप जुना, चार वेळा रुसला, पाचव्यांदा चालला. पडद्यावर ओळी आल्या. ब्रेकसमोर आधी नाही, नाही, नाही. मग होय. त्याखाली पुन्हा होय.

"बघ," मैसून म्हणाली. "लावला होता मी."

"लावला होतास. वेगही बघ."

शहात्तर. तिथे साठची मर्यादा होती, आणि आपण साठनेच चाललो होतो असं ती पोलिसांना, काकाला, स्वतःला सांगत आली होती. ती खोटं बोलत नव्हती, तिला मनापासून तसंच वाटत होतं. ती तिथल्याच एका टायरवर बसली. कितीतरी वेळ तिला त्या आकड्याशिवाय काही दिसेना.

शहीरला दया आली. "वेग उडवून छापतो," तो हळूच म्हणाला. "ब्रेकचं तेवढं ठेवू. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"मला कळेल. सगळं छाप."

"अगं, आपल्याच पायावर धोंडा..."

"पाय माझा, धोंडाही माझा. तू छाप."

काकाने कागद हातातही घेतला नाही. "शुक्रवारी तू घरात बसायचं," तो म्हणाला. "बोलायचं काम आमचं."

"कबुली माझ्या नावाने, आणि गुन्हा तुम्ही निवडणार?"

"जास्त शहाणपणा नको. त्या लोकांची तशीच समजूत आहे, ती मान्य केली की विषय मिटला. वेगात होतीस काय, बघत नव्हतीस काय. पोरगा गेला ना? फरक काय पडतो?"

"त्याच्या आईला पडतो. आपला मुलगा मरताना समोरची फोनशी खेळत होती, हे मनात घेऊन ती उरलेला जन्म काढणार. वेगाची कबुली मी देते, हजार माणसांत देते. पण बघत नव्हते हे मी मेले तरी म्हणणार नाही."

"मग मर," काका म्हणाला आणि शुक्रवारसाठी इस्त्री केलेला लांब अबा अंगावर चढवून बघायला निघून गेला.

शुक्रवारी राकानच्या घरी पुरुष पुढच्या अंगणातल्या मांडवात बसले. मैसून मागच्या दाराने बायकांच्या खोलीत शिरली. कोण आलंय ते कळताच एका बाईने तिचा दंड धरला. "लाज नाही वाटत? चल, नीघ."

"निघते. आधी बोलते."

कोपऱ्यातल्या गादीवर राकानची आई, उम्म राकान, बसली होती. तिने मान वर केली नाही. "सोडा तिला," ती म्हणाली. "बोलू दे."

मैसूनने कागद तिच्यापुढे ठेवला. तोंडपाठ केलेलं सगळं विसरली. "खाला, हे माझ्या गाडीतून काढलंय. मी शहात्तरने चालले होते. साठने जायला हवं होतं. ते माझं पाप, ते मी नाकारत नाही. पण मी फोनवर नव्हते. तो दिसला तेव्हा मी ब्रेक दाबला आणि शेवटपर्यंत सोडला नाही."

खोलीत कुजबूज उठली. उम्म राकानने कागदाकडे पाहिलंच नाही. ती मैसूनकडे बघत होती.

"म्हणजे तू त्याला पाहिलंस."

"हो."

"चेहरा?"

"हो, खाला."

बाहेर काकाचा आवाज चढला. चांगला मुरलेला, मांडवभर पुरणारा आवाज. आमच्या मुलीचं लक्ष नव्हतं, तो म्हणत होता, तिने पाहिलंच नाही, आम्ही मान खाली घालून...

उम्म राकान उठली. कुणी आवरायच्या आत तिने मधला पडदा बाजूला सारला आणि त्या सगळ्या बुजुर्गांसमोर उभी राहिली.

"हा माणूस खोटं बोलतोय," ती म्हणाली. "हिने पाहिलं होतं."

तिच्या दिराने, "वहिनी, आत जा," म्हटलं.

"जाते. पण माफी आज मिळायची नाही. द्यायची की नाही ते मी ठरवीन, आणि खोट्यावर तर देणार नाहीच. माझं पोर कुणी न बघता गेलं, असं तुम्ही सगळे मिळून मला किती दिवस सांगताय."

उम्म राकानने पडदा ओढला, बायकांना बाहेर जायला सांगितलं, आणि मैसूनचं मनगट धरून तिला गादीवर बसवलं. त्या पकडीने मनगट दुखत होतं. मैसूनने हात सोडवला नाही.

"आता सांग," ती म्हणाली. "मधलं काही गाळू नकोस. वेगापासून सुरू कर."