पाइपाचं अस्तर

टटलांच्या घरात दारूचा थेंब शिरत नसे. जे काही प्यायचं ते गाडी प्यायची. गाडी म्हणजे एकाहत्तर सालची निळी नोव्हा, आणि ती गार्लंड टटलचं दैवत होती. रोज सकाळी मऊ फडक्यानं तिचं अंग पुसायचं, शेजाऱ्यानं बोट लावलं की पुन्हा पुसायचं. त्याच्या बायकोच्या, व्हर्नाच्या माहेरी इतकं सोवळं बायबलचंही कुणी पाळलं नव्हतं.

अमेरिकेतल्या इंडियानात मक्याला तोटा नाही. मक्याच्या अल्कोहोलवर गाडी बेफाम पळते, म्हणून गार्लंडनं हिवाळाभर खपून तिचं इंजिन त्या इंधनाजोगं करून घेतलं. जोरदार दाबाचा पंप बसवला. राहिला होता तो टाकीपासून इंजिनापर्यंतचा पाइप. तो घ्यायला गेला तेव्हा व्हर्नाचा धाकटा भाऊ रॉइस सोबत होता, आणि तिथंच घोडं अडलं.

"दाजी, हा टेफ्लॉनच्या अस्तराचा घ्या," रॉइस म्हणाला. "रबरातून हे मक्याचं पाणी पाझरतं. थेंब दिसायचा नाही, पण वास मारत राहील. वर पंपाचा एवढा दाब. रबर किती तग धरणार?"

खरं तर गार्लंडचा हात टेफ्लॉनच्याच पाइपाकडे गेला होता. रॉइसचं बोलणं ऐकलं आणि तो हात मागे आला.

"बाहेरून दोन्हींना तीच पोलादी तारेची वीण आहे," तो म्हणाला. "आत काय आहे ते बघायला कोण येतंय? आणि रबराचा वळतो तरी. तुझा तो जरा वाकवला की मुरगळतो."

"मुरगळत नाही, दाजी. वळवायला अक्कल लागते."

झालं! रबराचा पाइप घरी आला. बॉनेट उघडलं की चांदीच्या सापासारखा चमकायचा, आणि बघणारे माना डोलवायचे.

ऊन तापू लागलं तसा वास सुटला. गॅरेजचं दार स्वयंपाकघरात उघडायचं, त्यामुळे आधी पडदे, मग टॉवेल, मग रविवारचं मटण, सगळं त्याच वासाचं झालं.

"अहो, घरात दारूच्या गुत्त्यासारखा वास येतोय," व्हर्ना म्हणाली.

"मला नाही येत."

"रॉइस म्हणाला होता..."

"रॉइसचं नाव काढू नकोस. वास येत नाही म्हटलं ना!"

हे सगळं निभावून गेलं असतं, पण नेमकं तेव्हाच गार्लंडचं नाव चर्चच्या डीकनपदासाठी, म्हणजे पाळकांच्या खालोखालच्या मानाच्या पदासाठी निघालं. वर्षानुवर्षं त्यानं चर्चच्या खुर्च्या मांडल्या होत्या, देणगी जमवायला मासे तळून विकले होते, सगळं त्या एका पदावर डोळा ठेवून. बाप्टिस्टांचा डीकन म्हणजे निर्व्यसनी माणूस. त्यात तडजोड नाही. घर पाहायला समिती येणार होती: पाळक केम्पर, विधवा ओपल स्टॅम्पर आणि, गार्लंडच्या दुर्दैवानं, रॉइस.

व्हर्ना रोज पहाटे एक स्तोत्र वाचायची आणि दोन नेम पाळायची. खोटं बोलायचं नाही, आणि नवऱ्याची उणीदुणी चारचौघांत काढायची नाहीत. पहिला नेम सोपा होता. त्या दिवशी तिनं खिडक्या सताड उघडल्या, दालचिनी उकळायला ठेवली. उपयोग एवढाच झाला की घराला दालचिनी घातलेल्या दारूचा वास येऊ लागला.

पाहुणे बसले. ॲपल पाय वाढून झाला. ओपलबाईंनी घास तोंडाशी नेला, थांबल्या, आणि गार्लंडच्या हातातल्या थंड चहाच्या ग्लासाकडे रोखून पाहू लागल्या.

"चहाच आहे ना तो?" त्यांनी विचारलं.

पाळकांनी घसा साफ केला. "बंधू गार्लंड, इथं सगळी आपलीच माणसं आहेत. काही सांगायचं असेल तर मोकळेपणानं सांगा."

रॉइसनं बसल्याबरोबर वास ओळखला होता. खुर्चीत रेलून तो गालातल्या गालात हसत होता. "हो, दाजी. सांगा की! कसला वास आहे हा?"

व्हर्ना नवऱ्याकडे पाहत राहिली. रबर, एवढा एक शब्द पुरे होता. तो एक शब्द बोलला असता तर सगळे पोट धरून हसले असते आणि पुढच्या रविवारी तो डीकन झाला असता. गार्लंडनं पाळकांकडे पाहिलं, मग रॉइसच्या त्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं.

"पाळकसाहेब," तो मान खाली घालून म्हणाला, "मी पितो."

ओपलबाईंच्या काट्यावरचा घास खाली पडला. रॉइस ताडकन उठला. "अहो, काय बोलताय? पाळकसाहेब, ह्यांचा तो पाइप..."

"रॉइस," पाळक हळुवारपणे म्हणाले, "पाप कबूल करणाऱ्याला मध्येच अडवू नये."

सगळ्यांनी हात धरून प्रार्थना केली. पद अर्थातच लांबलं. पाहुणे गेल्यावर व्हर्ना एवढंच म्हणाली, "पाळकांसमोर खोटं बोललात."

"रॉइससमोर नाक घासू का मग?" गार्लंड म्हणाला.

चर्चच्या तळघरात दारू सोडणाऱ्यांची बैठक भरायची. गार्लंड तिथं जाऊ लागला. आधी लाजत बोलायचा, मग रंगत गेला. कधी न चाखलेल्या व्हिस्कीची चव तो अशी सांगायचा की खरोखरचे पिणारे डोळे पुसायचे. मधल्या काळात गुपचूप शेजारच्या गावी जाऊन त्यानं टेफ्लॉनचा पाइप आणला आणि बसवला. घरातला वास गेला. ओपलबाई येऊन हुंगून गेल्या आणि गावभर सांगत सुटल्या, देवानं एका माणसाला सोडवलं! असा तावून सुलाखून निघालेला माणूस डीकन नाही झाला तर कोण होणार? झाला.

त्या रविवारी पाळकांनी व्हर्नालाही दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उभी राहिली. "घरातला वास गेला," ती म्हणाली. "देवाची कृपा." आणि बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर रॉइसनं नोव्हाचं बॉनेट उघडलं, जरा वाकून पाहिलं. "दाजी, पाइप बारीक दिसतोय. घेतलात ना शेवटी टेफ्लॉनचा?"

"दुकानात दुसरा शिल्लक नव्हता."

"आता तरी कबूल करा. तुम्ही जन्मात एक घोट घेतलेला नाही."

गार्लंडनं कोटावरची डीकनची नवी पिन सरळ केली. "भरपूर घेतलेत, रॉइस," तो म्हणाला. "तुला काय कळणार त्यातलं?"

व्हर्ना आधीच गाडीत बसली होती. गाडीत आता कसलाही वास नव्हता. तरी तिनं पर्समधला रुमाल काढून नाकाला लावला, आणि घर येईपर्यंत काढला नाही.