सराट्यांवर उभा राहिलेला घोडा

वल्लाबिन गावच्या मैदानावर त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. कुंपणात कॅम्पड्राफ्टचे, म्हणजे घोड्यावरून बैल हाकण्याच्या शर्यतीचे, बैल हंबरत होते, तव्यावर सॉसेज करपत होते, पण लक्ष होतं कुणाचं? सगळ्यांच्या माना ब्रदर अँब्रोजकडे वळलेल्या.

हा ब्रदर नक्की कुणाचा भाऊ, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. डोक्यावर पांढरी हॅट, गळ्यात घोड्याची नाल आणि जिभेवर मध. लंगडा घोडा तो दोन आठवडे आपल्या तळावर घेऊन जाई. "एकांत" हवा म्हणे! तिथे मालकालाही मज्जाव. परत आणी तेव्हा घोड्याच्या पुढच्या पायांना, खुरांच्या जरा वर, तांबडी माती थापलेली असे आणि वरून पट्टी. पट्टी सोडण्याचा सोहळा मात्र चारचौघांत. घोडा दुडक्या चालीने निघाला की लोक हॅट काढून उभे राहत.

"वेदना म्हणजे पायात कोंडलेला हट्टी आत्मा," अँब्रोज सांगत होता. "मी त्याला दटावत नाही, चाबूक दाखवत नाही. नुसतं म्हणतो, शांत हो बाळा. आणि पाय शांत होतो!"

"शांत होतो!" गर्दीने री ओढली.

या मुलखात घोड्याला 'शांत' म्हटलं की त्याहून मोठी शाबासकी नाही. शांत घोडा म्हणजे भरवशाचा, डोळे मिटून पोर बसवावं असा. भोंद्याने शब्द बरोबर हेरला होता.

डल्सी व्हेरॉल कुंपणाला टेकून दातओठ खात होती. तिची हयात घोड्यांत गेली होती, आणि आज पट्टी सुटलेला घोडा, डस्टर, तिच्याच लेकीचा होता. खुरातलं हाड झिजल्यामुळे तो वर्षभर लंगडत होता. "हे पूर्वीसारखं होणार नाही, याला आता पळवू नका," असं जनावरांच्या डॉक्टर ऑर्ला कीटिंगने बजावलं होतं. लेकीला, टॅमसिनला, ते पटलं नाही. आई गावाला गेलेली पाहून तिने घोडा अँब्रोजच्या हवाली केला. आता थोड्याच वेळात ती डस्टरवर बसून, कळपातून फोडलेल्या बैलामागे भरधाव सुटणार होती.

डस्टर खरंच सरळ धावला. लंगडणं नावालाही नाही! डल्सीच्याही काळजात क्षणभर आनंदाची लहर आली. का येऊ नये? तिचाही जीव होता त्या घोड्यावर.

तेवढ्यात पबवाला क्लेम ओरडला, "अगं डल्सी, बघ तरी! सराट्यांत उभा आहे पठ्ठ्या, आणि कानसुद्धा हलवत नाही!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. डल्सीचा चेहरा मात्र खर्रकन उतरला.

वल्लाबिनचा सराटा सायकलचं टायर फोडतो. उंबऱ्याबाहेर बुटांचे तळवे खरवडल्याशिवाय इथे कुणी घरात शिरत नाही. टाचेच्या मऊ भागात सराटा रुतला की घोडा पाय झटकतो, उचलतो, नाराजी दाखवतो. आणि हा दगडासारखा उभा!

"श्रद्धेपुढे काटेही फुलं होतात," अँब्रोजने डोळे मिटून सांगितलं.

"फुलं का? मग काढ बूट आणि उभा राहा त्या फुलांवर!" डल्सी कुंपण ओलांडून आत आली.

लोक हसले. अँब्रोजने डोळे उघडले, बूट काही काढले नाहीत.

डल्सीने डस्टरचा पाय उचलला. टाचेत सराटेच सराटे. एका जागी पू धरलेला. "ऑर्ला!" तिने बैल तपासणाऱ्या डॉक्टरला हाक मारली. "आधी इकडे ये!"

"आई, तमाशा करू नकोस ना," टॅमसिन रडकुंडीला आली. "वर्षभर तो लंगडत होता, तेव्हा कुणी काय केलं?"

"करते तमाशा! तुझी मान मोडण्यापेक्षा माझी अब्रू गेलेली परवडली."

"अश्रद्ध हाताने शिवलात तर वेदना परत येईल!" अँब्रोज गरजला.

"येऊ दे परत. निदान घोडा खरं तरी बोलेल."

ऑर्लाने आपल्या हॅटने डस्टरचा डोळा झाकला आणि पेनाच्या टोकाने टाच दाबली. काही नाही. जोर लावून दाबली. घोडा गवत चघळत राहिला. मग तिने तेच पेन गुडघ्याखाली टेकवलं मात्र, डस्टरने पाय असा झटकला की पेन पार कुंपणापलीकडे गेलं.

"पाणी आणा," ऑर्ला म्हणाली.

तांबडी माती धुतली तशी खुराच्या वर, मागच्या अंगाला, दोन्ही बाजूंनी टाक्यांच्या खुणा उघड्या पडल्या. तिथले केसही भादरलेले.

"दोरी काचली असेल," अँब्रोज पुटपुटला.

"दोरी टाके घालत नाही," ऑर्ला म्हणाली. मग गर्दीकडे वळून तिने मोठ्याने सांगितलं, "टाचेकडे जाणारी नस कापलीय. ही शस्त्रक्रिया खरी आहे. दुसरा इलाज चालला नाही तर आम्हीही कधी करतो, पण मालकाला सगळे धोके सांगून. नस कापली की दुखणं कळेनासं होतं, रोग आत तसाच राहतो. खिळा घुसला, पू झाला, घोड्याला पत्ता नाही. रोज खूर उचलून बघावं लागतं. कधी कापल्या जागी दुखरी गाठ येते, कधी नस पुन्हा जुळते आणि लंगडणं परत येतं. अशा पायावर हा भरधाव वळला आणि झिजल्या हाडामागचा स्नायूचा दोर तुटला, तर घोडा खाली आणि स्वार त्याच्याखाली."

क्लेमच्या हातातला ग्लास कलंडला. "माझी घोडी... तिच्या खुराला घाण वास येतोय. पण लंगडत नव्हती, म्हणून मी म्हटलं, ब्रदरची कृपा!" तो तसाच तबेल्याकडे धावला.

अँब्रोजने आवाज चढवला. "ही डॉक्टर जळते माझ्यावर! पाय शांत झालाय, जगाने पाहिलंय!"

डल्सीने डस्टरचा लगाम त्याच्या हातात कोंबला.

"शांत झालाय ना? मग बस. घाल शर्यतीच्या खुंटांना एक फेरी, भरधाव. माझ्या लेकीला बसवणार होतास ना? आता तू बस!"

अँब्रोजने घोड्याकडे पाहिलं, मग त्या खुरांकडे. आपण काय कापलंय, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने लगाम सोडला.

मग मात्र लोकांनी त्याला हलू दिलं नाही. पोलीस येईपर्यंत तो आपल्याच गाडीला टेकून उभा होता.

टॅमसिनने खोगीर उतरवलं, जमिनीवर फतकल मारली आणि खूर मांडीवर घेऊन एकेक सराटा उपटू लागली. डस्टर तिच्या केसांत नाक खुपसून उभा होता. प्रत्येक काट्यागणिक ती त्याच्याकडे बघे. तो हूं की चूं करत नव्हता.

"आई, यापेक्षा तो लंगडत होता तेच बरं होतं गं."

"हो. तेव्हा निदान सांगत होता बिचारा," डल्सी तिच्या शेजारी बसली. "आता रोज आपण विचारायचं. सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक खूर उचलून."

राखणदाराचं तोंड बांधलं म्हणून घरातला चोर पळत नाही. तेव्हा कुणी तुमचं दुखणं चुटकीसरशी घालवलं, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला एवढंच विचारा: बरं केलंस, की नुसतं गप्प केलंस? आणि उत्तर मिळेपर्यंत पट्टी सोडून, माती धुऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघा.